एनिडबाईंच्या बॉयलरचं कोटेशन

ऐन जानेवारीत एनिडबाईंचा घर तापवणारा बॉयलर बंद पडला आणि हडर्सफील्डच्या थंडीत घर नुसतं गारठून गेलं. नव्या बॉयलरचं कोटेशन आलं, अडीच हजार पौंड. ते घेऊन त्या शेजारच्या विल्फरावांकडे गेल्या. त्यांची उभी हयात बॉयलर बसवण्यात गेलेली, आणि बायको वारल्यापासून घरात ते एकटेच.

"लूट आहे नुसती! दुसरं मागवा," विल्फराव चहा ओतत म्हणाले. "तोवर दुपारच्या इथंच येऊन बसत जा. ऊब आहे."

दुसरं आलं, तिसरं आलं. विल्फराव चष्मा लावून दर वेळी खोट काढायचे. कुठे जुन्या नळ्या आतून धुवायचे पैसे जास्त, कुठे हमीची वर्षं कमी. मग चहा, बिस्किटं आणि पत्त्यांचा डाव.

फेब्रुवारी सरत आला, तसं विल्फरावांचं मन त्यांना खाऊ लागलं.

"एनिडबाई, रागावू नका. पहिलंच कोटेशन अगदी रास्त होतं. मीच तुम्हाला उगाच थंडीत ठेवलं."

एनिडबाईंनी हातातली पानं नीट लावली.



"ठाऊक आहे मला. बॉयलर बसवून महिना झाला, विल्फराव. खेळा, उतारी तुमची."