पाय मोकळे करायला

खेमाने गोधडी पुन्हा उलगडली आणि या वेळी तिची आठपदरी घडी घातली. चार पदर करून झाले होते, सहा करून झाले होते, वाशीमच्या अलीकडे मध्ये एक उशीही कोंबून झाली होती. तरी धनीबाई प्रत्येक थांब्यावर मोटारसायकलवरून उतरताना ओठ दाबून धरायची आणि वर 'बरं वाटते' म्हणायची. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तिला खोटं बोलणं काही जमलं नव्हतं.

रिठद मागे पडलं होतं. रस्त्याकडेच्या लिंबाखाली पाच गाड्या उभ्या होत्या. तांड्यातली ही पाच जोडपी दिवाळी आटोपली की ऊसतोडीला निघायची. पूर्वी सगळे सामानाच्या ट्रॉलीतच बसायचे आणि पोचेपर्यंत हाडं खिळखिळी व्हायची. मग एकेकाने जुनी मोटारसायकल घेतली आणि लांबच्या प्रवासाचं एक शास्त्रच तयार झालं. चाकात हवा जरा कमी ठेवायची. बाईच्या कमरेला जुन्या लुगड्याचा पट्टा आवळायचा. तासाभराने थांबायचंच. थांब्यावर पुरुषांनी गाड्यांवरच्या दोऱ्या तपासायच्या, तोवर बायकांनी पाय मोकळे करत रस्त्याने पुढे चालू लागायचं; मग मागून येऊन ज्याने त्याने आपापली बायको गाडीवर घ्यायची. ही युक्ती धनीबाईचीच. तिच्या पाठीला पहिल्यापासून बसणं सोसत नसे.

यंदा ती पाठ पार गेली होती. मुकादम तांड्यात आला तेव्हा ती भिंतीला धरून उठली आणि नेमकं ते त्याने पाहिलं. "जोडी म्हंजे दोन धड मानसं," तो खेमाला म्हणाला. "बाई नाही टिकली, तं घरातलं दुसरं मानूस उभं करा लागंन." घरात दुसरं माणूस म्हणजे रंजीता. दहावीत होती. दोघांच्या घराण्यांत मिळून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली. मुकादमाची पाठ वळताच धनीबाईने नवऱ्याला ठणकावलं, की पोरगी उसाच्या फडात पाय ठेवणार नाही, माझी पाठ माझं मी पाहीन. खेमाने मान डोलावली होती.

एक गोष्ट त्याने अजून तिला सांगितली नव्हती. हिला जरा सुखाने बसवू आणि मग सांगू, असं म्हणत त्याने तीन थांबे काढले होते. तोंड उघडायची वेळ आली, की तो गोधडी उलगडायचा.

आताही त्याच नादात तो मागे राहिला. गोधडी बांधून निघाला, तेव्हा बाकीचे चौघे पुढे गेले होते. रस्ता सरळ होता, दोन्हीकडे तुरी उभ्या होत्या. दोन किलोमीटर झाले तरी धनीबाई दिसेना. पुढे सोबतच्या हरिसिंगची गाडी हळू चालली होती. त्याला गाठून खेमाने विचारलं, तर हरिसिंगच दचकला.

"वहिनी तं मांगंच राह्यली. वावरात जाऊन येतो म्हने. मले वाटलं, तू घेऊन राह्यला."

खेमाने जागच्या जागी गाडी वळवली. भलभलते विचार मनात आले. वाटेत एक विहीर लागली, तिच्यात त्याने वाकून पाहिलं. लिंबाखाली कोणी नव्हतं. तो तसाच रिठदकडे निघाला आणि अर्ध्या किलोमीटरवर त्याला हिरवं लुगडं दिसलं. एक हात कमरेवर ठेवून धनीबाई वाशीमच्या दिशेने चालली होती. तो घडी घालत असताना ती त्याच्या पाठीमागूनच निघून गेली होती.

त्याने गाडी आडवी घातली. जीव भांड्यात पडला होता आणि रागही आला होता.

"काहून मांगं चालली?"

"घरी चालली." ती थांबली. आज पहिल्यांदाच तिने ओठ दाबून धरले नव्हते. "माह्यानं होत नाही, रंजीताचे बाबा. तुमी कितीबी गोधड्या घाला. तिथं आठ दिवसांत पडली मी, तं मुकादम तिलेच बोलावंन. आताच मांगं फिरली, तं जोडीच नाही. जोडी नाही तं तुमी बी घरी. मंग कोनाले बोलावते तो?"

खेमाला तिचं म्हणणं लख्ख पटलं. हा इतका सोपा हिशेब त्याला सुचला नव्हता. गाडीचं इंजिन सुरूच होतं. ते बंद करायचंही त्याला भान राहिलं नाही.

"गावात हॉटेल टाकू," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "नाहीतं शेळ्या करू. उपाशी थोडीच मरतो? चाला, फिरवा गाडी. थांबत थांबत गेलो तरी पोरगी शाळेतून याच्या आंदी पोचतो."

खेमाने गाडी फिरवली नाही.

"फिरवा ना," ती म्हणाली. "असे काहून पाहून राह्यले?"

"रंजीता घरी नाही," तो खाली पाहत म्हणाला. "आपुन निघालो, अन् ते मांगून सामानाच्या ट्रॉलीत बसली. मीच सांगून आलतो."