सिमेंटच्या कानामागची गोचीड

इंझोरीच्या माळावर काळविटांसाठी राखलेल्या जंगलात शिल्पकारांनी सिमेंटची काळविटं करून ठेवली, तेव्हापासूनच तिथं नवऱ्यासोबत कामाला असलेल्या रंगूबाईच्या मनात पाल चुकचुकत होती. खरा कळप त्यांच्यातच चरायचा. लांबून खरं कोणतं अन् खोटं कोणतं ते कळायचं नाही. तिची खूण एकच होती, साळुंकी. गोचिडी टिपायला साळुंकी जित्या जनावरावरच बसते.

आज साळुंकी सिमेंटच्या काळविटाच्या कानामागे चोच मारत होती.

हातातला खराटा टाकून रंगूबाई जवळ गेली. तिथे टम्म फुगलेली गोचीड होती.

"अवो, मले भेव दाखवाले तुमीच चिकटवली ना हे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

जगदेव पाणवठ्यात नळी सोडून उभा होता. "मले दुसरे धंदे नाहीत काय? सिमिटाले कायची गोचीड वं!" तो हसला.

तिला ते हसणं खरं वाटलं नाही. घरच्या गाईची काढावी तशी तिनं गोचीड चिमटीत धरून उपटली अन् दगडानं ठेचली.

दगड लाल झाला.

"अवो, इकडं या! हे रगत पाहा!"

जगदेव आला नाही. पाणवठा भरून पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं. पाण्यावर आलेला कळप माना खाली घालून तसाच उभा होता. एकाचाही कान हलत नव्हता.

ती धावत नवऱ्यासमोर गेली. मघाचं हसू त्याच्या तोंडावर तसंच होतं. एक माशी त्याच्या उघड्या डोळ्यावरून चालत पलीकडे गेली, तरी पापणी हलली नाही.