एकनळी

"साहेबांना घेऊन या, बाई. बंदूक त्यांच्या हाताला बसायला हवी," दुकानदार म्हणाला.

"साहेबांचा उजवा हात दरोडेखोरांनी कायमचा अधू केलाय. माझ्या हाताला बसेल अशी दाखवा," प्रमिला गवस म्हणाली. काजूच्या बागेतल्या तिच्या एकट्या घरावर दरोडा पडला, त्याला वर्ष होत आलं होतं. परवाना तिच्याच नावाचा होता. दुनळी तिला पेलवेना. एकनळी खांद्याला लावून पाहिली आणि तीच घेतली.

निवृत्त हवालदार सावंतकाका शिकवायला तयार झाले. पहिल्याच बाराला दस्ता असा आदळला, की ती मटकन खालीच बसली.

"आज पुरे, पोरी."

"नाही काका. कुठे चुकलं ते सांगा."

"दस्ता खांद्यात घट्ट रुतव. आणि बार काढायचं नक्की ठरल्याशिवाय चापाला बोट लावू नकोस."

खांदा काळानिळा पडला, तरी दर रविवारी ती सरावाला जात राहिली.

मे महिन्यात एका दुपारी दोघेजण कुंपणावरून आत उतरले. एकाच्या हातात कोयता होता. प्रमिला बंदूक खांद्याला लावून पडवीत उभी राहिली.

"आणखी एक पाऊल टाकलंत, तर बार काढीन."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. दोघे एकमेकांकडे बघत मागे सरले आणि पळत सुटले.

काडतूस काढून घेऊन ती पडवीच्या पायरीवर बसली. दरोड्यापासून आतल्या खोलीला कडी लावून बसणारा तिचा नवरा बाहेर आला. डाव्या हाताने त्याने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला आणि पुन्हा आत न जाता तिच्याशेजारी पायरीवर बसला.