उघडं कपाट

कपाटाच्या खालच्या खणात, सुनेच्या दागिन्यांच्या डब्यामागे नाग वेटोळं घालून बसला होता. निवृत्त हवालदार धुमाळ पलंगावर चढून बसले होते. गावात साप धरणारी एकच, पारधी वस्तीवरची झुंबरबाई. तीस वर्षांच्या नोकरीत कुठंही चोरी झाली, की धुमाळांची जीप आधी त्याच वस्तीवर जायची. आज मात्र त्यांनी तिलाच बोलावणं धाडलं.

ती काठी आणि गोणपाटाची पिशवी घेऊन आली. नाग फणा काढून फुत्कारला, तरी तिची पापणी लवली नाही.

"तू धर गं, मी बाहेर थांबतो," म्हणत धुमाळ पलंगावरून उतरले आणि दाराकडे पळाले.

"न्हाई सायेब, जाऊ नगा!" तिच्या हातातली काठी थरथरायला लागली. "तुमी गेलाव तर म्या कपाटाला हात लावायची न्हाई. उद्या येक मणी जरी घावला न्हाई, तर माझ्या नवऱ्याला पुन्हा उचलून नेत्याल."

धुमाळ उंबऱ्यावरच थबकले. ही थरथर त्यांनी चौकीत कितीदा तरी पाहिली होती. दर वेळी ते हसून म्हणाले होते, "चोराच्या मनात चांदणं."

नाग पुन्हा फुत्कारला. तरी धुमाळ मागं फिरले आणि कपाटापाशी, तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"धरा, झुंबरबाई," ते म्हणाले. "मी हाय इथंच."