समाप्तीचा नारळ

गाडीच्या मागच्या दारावर नवा कागद डकवलेला होता. बानूबाई त्याच्यासमोर उभी राहिली आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली.

"बा-त-म्या... व... आ-गा-मी... का-र्य-क्रम."

विद्यापीठाच्या ग्रंथालयाची ही फिरती गाडी पंधरा दिवसांनी एकदा खुटबावच्या दूध डेअरीसमोर उभी राहायची. गाडीवरचे जयसिंग सर आज पायरीवर बसून परत आलेली पुस्तकं रचत होते. कागद त्यांनीच सकाळी डकवला होता. शेवटची ओळ काय आहे ते त्यांनी गावातल्या बाकी सगळ्यांना तोंडानेच सांगून टाकलं होतं. बानूबाईला मात्र सांगवेना. साक्षरतेच्या वर्गात साठाव्या वर्षी अक्षरं शिकलेली बाई, आणि ती वाचत होती.

"पु-स्त-कांच्या... प्र-द-र्श-नास... उत्तम... प्र-ति-साद." तिने मान डोलावली. "ग्रं-था-ल-यात... सं... सं-ग..."

"कॉम्प्युटर, बानूबाई, कॉम्प्युटर!" कांदा लागवडीचं पुस्तक परत करून हौसराव डेअरीच्या कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. "उद्घाटन हाय. समद्या वाचकांना निमंत्रण. चला पुण्याला, त्याच्याव बी बोट फिरवा."

"तुम्ही गप बसा, आबा. माजं मी वाचती."

तिने वाचलं. उद्घाटनाची तारीख वाचली, वेळ वाचली, अगत्याचं निमंत्रण वाचलं. एकदा तिने वळून सरांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मग बोट शेवटच्या ओळीवर आलं.

"फि-र-ते... ग्रं-था-लय... या... म-हि-न्या-पा-सून..."

पुढची दोन अक्षरं तिने आवाज न करता वाचली. बोट तिथेच राहिलं. मग ते ओळीच्या सुरुवातीला गेलं आणि पुन्हा एकेका अक्षरावरून चालत त्याच जागी येऊन थांबलं.

"सर, म्या बराबर वाचलं का?"

"बरोबर वाचलंत, आजी."

तिने काखेतली पिशवी खाली ठेवली. आतून लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक काढून फडकं सोडलं. वर्षभर ती हे एकच पुस्तक नेत होती आणि आणत होती. जहाजावर गेलेल्या भावाला शोधत बंदरामागून बंदर फिरणाऱ्या एका मुलीची गोष्ट होती ती. पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचे डाग पडले होते. मध्ये लाल दोरा घातलेला होता.

"एवढंच राह्यलंय." तिने दोऱ्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची जाडी दोन बोटांत धरून दाखवली. "पुढच्या खेपंला समाप्ती करायची म्हणून आजच बाजारातनं नारळ घेतला. तुमच्या म्होरं फोडणार व्हते."

"आजी, गाडी परत यायची नाही. एकूण एक पुस्तक आजच जमा करायचंय. वरून तसं पत्र आलंय."

"पंधरा दिस ठिवलं तर?"

"माझ्या हातात नाही."

"मी पुण्याला आणून दीन की. खुटबावातनं रेल्वे हाय."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. अजून दोन गावं व्हायची होती.

बानूबाईने फडक्याची नीट घडी केली आणि पुस्तक दोन्ही हातांनी सरांपुढे धरलं.

"मग शेवटचं तेवढं वाचून सांगा. घावला का तिला भाऊ? म्या म्होरं उघडून बघितलं न्हाई. पोथीचा शेवट आधी बघत न्हाईत."

सरांनी शेवट उघडला. दोनशे आठवं पान वाक्याच्या मध्येच संपत होतं. पुढे शिवणीचा दोरा लोंबत होता, त्यापुढे पुठ्ठा. पुढची पानं कधी गळाली, कोणाच्या हातून, काही कळायला मार्ग नव्हता. कोऱ्या पुठ्ठ्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"भेटला, आजी," ते म्हणाले. "भाऊ भेटला तिला."

"कुठं?"

"बंदरावर."

"वळखलं का त्यानं?"

"ओळखलं ना. लगेच."

बानूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्यांच्या हाताकडे बघत होती. उजवा हात मांडीवर तसाच पडला होता.

"सर, तुमचं बोट कुठं फिरलं?"

सरांनी मान खाली घातली.

"न्हाई घावला म्हणा की," ती हळूच म्हणाली. "मघाशी मी दारावरचं वाचीत व्हते, तवाबी तुम्ही असंच खाली बघत व्हता."

ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. बानूबाईने वाकून पुस्तकातला लाल दोरा ओढून घेतला आणि बोटाला गुंडाळला. सरांनी पुस्तक गठ्ठ्यावर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

गाडी हायवेच्या दिशेने गेली. धुरळा खाली बसेपर्यंत बानूबाई तिथेच उभी होती.

"फोडा आता तो नारळ," हौसराव कट्ट्यावरून म्हणाले. "खोबरं तरी खाऊ."

तिने नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं. मग तो तसाच पिशवीत टाकून ती वस्तीकडे चालू लागली.