नोंदवलेलं गिऱ्हाईक

डीलरांच्या बैठकीत ती नियम वाचून दाखवत होती. सातवं कलम संपायच्या आतच दादा उभा राहिला. "नोंदवलेलं नाव मागे घेता येईल ना?" त्याने विचारलं. "माझ्याकडून चुकून झालंय ते."

खोलीतल्या सगळ्या डीलरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. ती ज्या कंपनीत होती ती दवाखान्यांच्या खाटा बनवायची, आणि त्या विकणाऱ्या डीलरांना नियम घालून देणं हे तिचं काम होतं. दादा तिचा सख्खा भाऊ. पण त्याचं दुकान तिच्या नोकरीपेक्षा कितीतरी जुनं होतं, त्यामुळे आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं.

नियम तिने जिवाचं रान करून लिहिले होते. त्याआधी नुसता बाजार होता. एकाच दवाखान्यात चारचार डीलर शिरायचे, एकमेकांचे पाय ओढायचे आणि भाव पाडून सगळेच रडत बसायचे. म्हणून तिने ठरवलं, नव्या गिऱ्हाइकाचं नाव जो आधी नोंदवील, गिऱ्हाईक त्याचं. दुसऱ्याने तिकडे फिरकायचं नाही. आणि एकदा नोंदवलेलं नाव मागे घ्यायचं नाही की दुसऱ्याला द्यायचं नाही. नाहीतर हे बहाद्दर नावं अडवून ठेवतील आणि आपसांत वाटून घेतील, हे ती पुरतं ओळखून होती. पळवाट म्हणून तिने कुठे ठेवली नाही.

पण नाव कुणी नोंदवेना. कंपनीचे मालक येताजाता विचारायचे, काय हो, तुमच्या नियमांना अजून मुहूर्त लागत नाही का? एका रात्री जेवताना ती दादापुढे रडकुंडीला आली, आणि दादाने बहिणीची लाज राखायला दुसऱ्याच दिवशी एक नाव नोंदवून टाकलं. त्याच्याकडे तेव्हा स्वतःचं नवं गिऱ्हाईक नव्हतं. जे तोंडात आलं ते लिहिलं, मुलांचं नवं इस्पितळ. त्याच्या समजुतीप्रमाणे तो फक्त नमुना होता, गाडं एकदा सुरू व्हावं म्हणून.

ते इस्पितळ खरं तर पैलवानाचं गिऱ्हाईक होतं. पैलवान म्हणजे दादाचा जुना दोस्त, तोही डीलरच, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून तर हे नाव पडलेलं. वर्षभर तो तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या मागे लागला होता आणि रोज चहा पिताना दादाला तेच पुराण ऐकवत होता. सौदा ठरत आला तेव्हा तो नाव नोंदवायला गेला, तर तिथे आधीच दादाची नोंद. दादाने चूक सांगितली. त्याला ती पटली, असं दादाला वाटत होतं. आताही दोघं शेजारीशेजारीच बसले होते. सवय, दुसरं काय.

"मागे घेता येत नाही," ती म्हणाली.

मग पैलवानाच्या नावावर करा, असं दादाने सुचवलं. तेही करता येत नाही, असं तिने सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, आपला तो बाब्या, आणि तिथे हसू पिकलं. तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. सूट दिली तर भावासाठी नियम मोडला, न दिली तर गिऱ्हाईक भावाकडेच राहणार, म्हणजे नियमच त्याच्यासाठी केला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तिने मालकांकडे पाहिलं. नियम तुमचा आहे मॅडम, तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. माणसाच्या हातून चूक झाली, सोडून द्या, असं म्हणावंसं तिला फार वाटलं. पण उद्या यातला प्रत्येक जण एकेक चूक घेऊन तिच्या दारात उभा राहिला असता, आणि त्यांतल्या निम्म्या खऱ्याही असत्या.

"सूट नाही," ती म्हणाली. म्हणताना तिला दादाकडे बघवलं नाही.

"बरं," दादा म्हणाला. "मग मीच बाहेर पडतो. डीलर सोडून गेला की त्याने नोंदवलेलं नाव मोकळं होतं, असं लिहिलंयस ना तू?"

ऑफिसात तो तिला मॅडम म्हणायचा. आज त्याला त्याचंही भान नव्हतं. पैलवानाने त्याची बाही ओढली, वेडा झालास का, खाली बस म्हणाला. दादा बसेना. वडिलांनंतर त्यानेच घर सावरलं ते त्या दुकानावर, आणि आज तो ते तिच्यापुढे असं सोडून द्यायला निघाला होता.

"लिहिलंय," ती म्हणाली. "पण तीन महिने आधी कळवावं लागतं."

"इस्पितळ तर पुढच्या महिन्यात उघडतंय."

"हो."

"मग त्यांना खाटा कोण देणार?"

"तुम्ही. द्याव्याच लागतील, दादा. नोंदवलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही."

दादा खाली बसला. पैलवानाने पायाशी ठेवलेली आपली पिशवी उचलली आणि तो मागच्या रांगेत जाऊन बसला. जाताना त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला की नुसता आधाराला खुर्ची धरली, हे तिला नीट दिसलं नाही.

"बघा, किती स्पष्ट झालं सगळं," मालक खूश होऊन म्हणाले. "आठवं वाचा, मॅडम."