बोटीचं रिंगण

दसरूने हातभर लांबीची बोट उलटी केली आणि तिचं पोट मुखरूपुढे धरलं.

"हा पंखा म्या बदलवला, मामाजी. साहेबाचा पंखा शिंगाड्याच्या वेलात अडके. आता नाई अडकत."

बोट चांद्याकडच्या एका कोळसा खाणीतल्या साहेबाची. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात ती दसरूच्या हाती लागली. इंजिन लिंबाएवढं, पण नखरे मोठे. त्याला स्पिरिट लागे, एरंडेल लागे आणि वर जोर वाढवणारं बाटलीतलं नायट्रो. दसरू मूल गावच्या भात गिरणीत इंजिन चालवायचा, तेव्हा त्याचे हात शिवशिवणारच. त्याने टाकी मोठी केली, शोभेची केबिन काढून फेकली आणि नायट्रोही वाढवलं.

"अन् हे काय?" मुखरूने शेजारच्या लोखंडी पेटीकडे बोट दाखवलं.

दसरूने झाकण उघडलं. आत काचेचे बारके दिवे, तारा आणि विटेएवढी एक बॅटरी.

"पेटी हातात धराची अन् बटन दाबाचं. तिकडं पाण्यात बोट वळते. मधात तार नाई, दोरी नाई. पण ही बॅटरी काढली तं पेटी म्हंजे नुसता डबा."

दारात कमळा उभी होती. तिचं लक्ष होतं की नव्हतं, सांगता येत नाही.

मुखरू सावली गावाहून मुलगा पाहायला आला होता आणि येताना मुलीलाच घेऊन आला होता. निघताना गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मुखरू असल्या हसण्याला भीक घालणारा नव्हता. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. कमळाला भरवशाच्या माणसाच्या हाती सोपवलं की आपण डोळे मिटायला मोकळे, एवढाच एक घोर त्याच्या जिवाला होता. आणि माणूस पारखायची आपली नजर पक्की आहे, याची त्याला खात्री होती. त्याने घेतलेला एकही बैल आजवर खोटा निघाला नव्हता. तो चाल पाही, दात पाही, खांदा चाचपून पाही. बाजारात कमळाही बरोबर असे. ती बोलत काही नसे. फक्त बैलाच्या मागे जाऊन एकदा अवचित टाळी वाजवी, बैल काय करतो ते पाही आणि मग बापाकडे बघून मान हलवी. मुखरूला तो पोरखेळ वाटे, पण लाडकी लेक म्हणून तो तिचं ऐके.

चहा झाल्यावर दसरू मुखरूला गिरणी दाखवायला घेऊन गेला. त्याची आई रुखमाबाई चुलीपाशी वळली. ओसरीवर उरली बोट, पेटी आणि शिंगाडे निवडत बसलेली कमळा.

गिरणीत पोराचा रुबाब काही और होता. "माह्या हाताखाली हे इंजिन कधीच बंद नाई पडलं," तो म्हणाला. त्याचं हे छातीठोक बोलणं मुखरूला फार आवडलं.

ते परतले तोवर घरासमोरच्या तलावावर बोट पाहायला निम्मं गाव जमलं होतं. गिरणीचे मालक भैयाजी खुर्ची टाकून बसले होते. दसरूने ओसरीवरची पेटी उचलली आणि तसाच थांबला. झाकण जरासं उचलून त्याने आत पाहिलं. मग काठावरच्या लोकांकडे पाहिलं.

"काऊन, का झालं?" मुखरूने विचारलं.

"काई नाई. बोटीचा एक स्क्रू ढिला वाटते." खाली बसून त्याने पक्कडीने बोटीच्या सुकाणूला पीळ दिला.

"काई राह्यलं तं नाई ना?" कमळाने विचारलं. दिवसभरात ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

"नाई," दसरू हसून म्हणाला. "सगळं जागच्या जागी हाय."

इंजिन किंचाळलं तसे काठावरचे बगळे उडाले. जळक्या एरंडेलाचा वास सुटला. बोट पाणी कापत निघाली आणि वळली. दसरूचा अंगठा बटनावर सारखा चालू होता. घाण्याच्या बैलासारखी बोट एकाच रिंगणात फिरत राहिली. मुखरूला त्या शिस्तीचं कौतुक वाटलं.

"तू तं आठाचा आकडा काढणार होता ना?" भैयाजींनी विचारलं.

"आज वारा हाय, मालक. गोलच बरी."

तेवढ्यात पाण्यात डुंबणारी एक म्हैस रिंगणाच्या वाटेत आली. बायका ओरडल्या. बोट तिच्या शिंगाला घासून पुढे गेली.

"मुद्दाम जवळून नेली," दसरू म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने बोट तलावाच्या मध्यावर गप्प झाली. "म्याच बंद केली, मामाजी. जास्त तापू देऊ नाई." डोंग्यातून मासे धरणाऱ्या एका ढिवराने ती उचलून काठावर आणून दिली. मुखरू खूश झाला. एवढ्या लोकांपुढे, म्हैस आडवी आली तरी, पोराच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

निघताना कमळाची पिशवी बैलबंडीत ठेवायला मुखरूने उचलली, तर हात खाली गेला.

"एवढं का भरलं वं हिच्यात?"

"शिंगाडे. रुखमाबाईनं देल्ले."

मूल गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना धानाचे बांध लागले. मुखरूला आज कासरा कसा हलका वाटत होता. कमळाचं चांगलं होणार, या विचारात त्याने बैलांना मायेने चुचकारलं.

"मले तं पोरगा पसंत हाय, कमळे," तो म्हणाला. "माणूस ओळखाले मले येळ नाई लागत. तुले डोळे झाकून त्याच्या हाती देईन म्या. उद्याच निरोप धाडतो. तुले कसा वाटला?"

कमळाने पिशवीत हात घातला, वरचे शिंगाडे बाजूला सारले आणि विटेएवढी बॅटरी काढून बापाच्या मांडीवर ठेवली.